शाळेत भरलेली ओटी

कोळवण,
२१ जुलै २०२५

ती. सौ. शारदाताईस,
रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

तुझे दोन फोन आले आणि दोन्ही वेळा मी 'बरी आहे, कामात आहे' म्हणून ठेवून दिला, त्याचा राग धरू नकोस. आमच्याकडे रेंज येते ती फक्त ओसरीवर, आणि ओसरीवर सासरेबुवा अडकित्ता घेऊन बसलेले असतात. मला तुला जे सांगायचंय त्यातला एक शब्द त्यांच्या कानावर पडला तर सुपारी घशात अडकेल. म्हणून हे पाकीट. निलेशला तहसील कचेरीत काम आहे, तो पौडला टपालात टाकेल. नवरा माझा फोडून वाचणाऱ्यातला नाही, आणि वाचलंच तरी या विषयात त्याला अर्ध्या ओळीपुढे जाववणार नाही.

तर ऐक. आमचे मुख्याध्यापक दयानंद सर यांनी या वर्षी आठवी-नववीच्या मुलींना वयात येण्याबद्दल शिकवायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. मी विज्ञान शिकवते म्हणून, आणि शाळेत दुसरी बाई नाही म्हणूनही. शुक्रवारचा शेवटचा तास. मुलगे खेळाच्या सरांबरोबर मैदानावर जातात, मी खिडक्या लावून घेते आणि फळ्यावर आकृती काढते. पहिल्या दिवशी पोरींनी ओढण्या तोंडात कोंबल्या होत्या, आता निदान फळ्याकडे बघतात.

पंधरवड्यापूर्वी आठवीतल्या समीक्षाच्या कपड्यांवर डाग पडला. ही वरच्या धनगरवाड्यावरची. बाप येसाजी मेंढरं राखतो, आई तुकाबाई खाली एका फार्महाऊसवर झाडलोट करते. पोरगी हुशार आहे, मी फळ्यावर गणित लिहून वळेपर्यंत हिचं उत्तर तयार असतं. तर डाग बघून मुलगे हसले, मुलीही हसल्या, आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, लाज लाज काय लावलंय, आपण याचा सणच करू. तुझी नाही का आत्यानं पाचव्या दिवशी ओटी भरली होती? दुसऱ्या दिवशी मी नारळ, खण, तांदूळ आणि पेढे घेऊन गेले. समीक्षाला वर्गातच माझ्या खुर्चीवर बसवून ओटी भरली, मुलींना टाळ्या वाजवायला लावल्या, आणि सांगितलं की ही आनंदाची गोष्ट आहे, लपवायची नाही. खरं सांगते ताई, मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पण समीक्षानं पेढा तोंडात घातला नाही. तळहातावर तसाच धरून बसली. त्यानंतरच्या सोमवारपासून ती शाळेत आलेली नाही. तिच्याच वाड्यावरची सोनम सांगते की ताप आलाय. कसला ताप म्हणून विचारलं की आपल्या चपलांकडे बघत बसते. माझ्या मनात सारखी पाल चुकचुकते आहे.

चि. निरंजनला माझा गालगुच्चा. नववीतला झाला म्हणून नको म्हणेल, तरी घे. दाजींना नमस्कार. हे वाचून कपाळावर हात मारशील, तो मारून झाला की त्याच हातानं उत्तर लिही, आणि माया आहे तेवढी असू दे.

तुझी,
रोहिणी


माण,
२७ जुलै २०२५

चि. सौ. रोहिणीस,
शारदाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

कपाळावर हात मारून झाला. दोन्ही मारले. बये, तू ओटी भरलीस की दवंडी पिटलीस?

माझी ओटी भरली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, तुला पेढे तेवढे आठवतात. मला आठवतं की त्या दिवशी माझी सायकल काढून चुलतभावाला दिली. मखरात बसवून अख्ख्या गावाला दाखवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या बायका आईला स्थळं सुचवायला लागल्या. आपले बाबा खमके म्हणून मी बारावीपर्यंत पोचले. त्या पोरीचा बाप कसा आहे, आई कशी आहे, तिथं काय रीत आहे, काही विचारलंस का तू? आणि पोरीला विचारलंस का? आपल्याला वाटतं ते बरोबर म्हणून लोकांना धरून धरून आनंद द्यायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

आणखी एक. मुलांना मैदानावर का पाठवता? डाग बघून हसले तेच ना ते?

आता मला हसून घे, म्हणजे फिटंफाट. निरंजनच्या शाळेतही एक बाई पडद्यावर चित्रं दाखवायला आल्या होत्या. आधी घरी कागद आला, मी मोठ्या ऐटीत सही केली, म्हटलं आपण सुधारलेल्या आई. तिसऱ्या दिवशी हा स्वयंपाकघरात आला आणि त्यानं मला एक प्रश्न विचारला. काय विचारला ते मी इथं लिहिणार नाही. मी पटकन मिक्सर लावला. हा उभाच. मग मला म्हणाला की मम्मी, भांडं रिकामं आहे. तेव्हापासून मी त्याच्या नजरेला नजर देत नाही आणि रात्रंदिवस धास्तावलेली असते की हा आता कुणाला विचारत असेल. त्याच्या हातात मोबाईल आहे, गं.

तेव्हा शहाण्यांनी शहाणपण सांगू नये, तरी सांगते. उठ आणि स्वतः वाड्यावर जा. सोनमच्या तापावर विसंबू नकोस. गेल्यावर लगेच कळव, इथं माझा जीव टांगणीला लागलाय.

भांडखोर असले तरी थोरली आहे, हे ध्यानात ठेवून प्रेम करीत जावे.

तुझी ताई,
शारदा


कोळवण,
५ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेले होते. जे घडलंय ते जसंच्या तसं लिहिते.

समीक्षाला ताप नाही. तिची पाळी त्या दिवशी पहिल्यांदा आलेली नव्हतीच. ती गेल्या दिवाळीपासून येते आहे. इतके महिने पोरीनं आईपासून, आजीपासून, सगळ्या वाड्यापासून लपवलं. एकट्या सोनमला माहीत. कपडे ओढ्यावर धुवायची आणि करवंदीच्या जाळीत वाळवायची. का, तर पोरगी शहाणी झाली की तिचं लग्न निघतं, हे तिनं मोठ्या चुलतबहिणीचं बघितलं होतं. आणि मी तिच्या ओटीत नारळ घालून तिला घरी पाठवलं. तो नारळ तुकाबाईनं बघितला, आजीनं चाचपला, चार दिवसांत मामा येऊन बसला. दिवाळीनंतर मामाच्या मुलाशी लग्न. पोरीला चौदावं सरायचंय.

तू म्हणशील, आईबाप कसले हे. मीही तसंच मनात धरून गेले होते. पण तुकाबाई माझ्यापुढे बसून शांतपणे सांगत होती. दसऱ्यानंतर येसाजी मेंढरं घेऊन कोकणात उतरतो तो उन्हाळा सरेपर्यंत येत न्हाई. ती स्वतः दिवसभर फार्महाऊसवर. म्हातारीला दिसत न्हाई. शनिवार-रविवारी पुण्याच्या लोकांच्या गाड्या येतात, दारू असते, वाटेवर कोण बसलेलं असतं याचा नेम न्हाई. न्हानी हुती तवर वाटलं न्हाई, पर आता लेकराला मी कुटं ठेवू, बाई, असं तिनं मला विचारलं.  उत्तर नव्हतं म्हणून मी कायदा सांगितला. अठराच्या आत लग्न केलं तर पोलीस येतील म्हणाले. तुकाबाई उठली, म्हणाली की चहा घिऊन जा, आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही.

मी निघाले तेव्हा समीक्षा कुडाच्या कडेला उभी होती. रडली नाही, रागावली नाही. एवढंच म्हणाली की बाई, मला इचारायचं तरी.

ताई, ते वाक्य डोक्यातून जात नाही. भाकरी थापताना ऐकू येतं.

पोलिसांचं नाव काढल्याची बातमी माझ्याआधी खाली पोचली होती. दुसऱ्या दिवशी पालकांनी दयानंद सरांना घेरलं की बाई पोरींना काय काय शिकवतात आणि घरं फोडतात. सरांनी तास बंद केला. निलेश म्हणतो, नोकरी सांभाळ, दुसऱ्याच्या घरात हात घालू नकोस. मामाचा मुलगा बिरदेव तुमच्या माणमध्येच राहतो, कंपनीची गाडी चालवतो, खोलीत चौघं मिळून असतात. दाजींना ड्रायव्हर मंडळी ओळखतात. तू त्याला गाठशील का? मला दुसरं कोणी नाही.

वेंधळ्या बहिणीवर रागावावे, पण तिला टाकू नये.

तुझी,
रोहिणी


माण,
१९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रोहिणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी कामाचं. एक शून्य नऊ आठ हा मुलांच्या मदतीचा नंबर पदराला बांधून ठेव. तारीख ठरल्याचं कानावर आलं की निलेशलाही न विचारता फिरव. ग्रामसेवकालाही कळवता येतं. पण तोवर तुकाबाईला धाक घालू नकोस. तिच्याजवळ मुळातच भीती भरपूर आहे, त्यात तू आपली ओंजळ टाकून आलीस.

आता बिरदेव. ह्यांनी त्याला शोधला आणि मी रविवारी चहाला बोलावला. पोराला वाटलं त्यांच्या खोलीबद्दल काही तक्रार आहे. तेवीसचा असेल, सोफ्याच्या कडेवर असा बसला की जणू उठून पळायचंच आहे. आणि रोहिणी, जी बाई पोटच्या पोराला उत्तर देऊ शकली नाही ती मी त्या परक्या माणसापुढे बसून बोलले.  आधी हवापाणी, गाडी, पगार, मग एकदम विचारलं की चौदा वर्षांच्या पोरीशी लग्न कसं करवतं रे तुला. तो गोंधळला. म्हणाला की वडील मान्सांनी ठरवलंय, आन आत्या म्हनाली पोरगी शहाणी झाली. त्याला खरोखरच वाटत होतं की पाळी आली म्हणजे शरीर तयार झालं.

मग मी सांगितलं. पाळी ही सुरुवात असते, हाडं अजून वाढायची असतात, कमरेचा सांगाडा रुंद व्हायचा असतो, इतक्या लहान वयात पोटुशी राहिली तर बाळंतपणात आई आणि मूल दोघं जाऊ शकतात. आणि तिच्या मनाचं काय, तेही सांगितलं. बिरदेवनं कपबशी खाली ठेवली. त्याची थोरली बहीण पंधराची असताना लग्न होऊन गेली आणि पहिल्याच बाळंतपणात वारली. घरात आजवर सांगतात की नजर लागली. त्यानं मला विचारलं की मग ती नजर न्हवती का, वैनी?  मी मान हलवली, नव्हती म्हणून. 

जाताना म्हणाला की तो तुझ्याच शाळेत शिकला. मुलींना काहीतरी सांगायला बाहेरून बाई यायच्या, तेव्हा ह्यांना कबड्डीला काढायचे. त्याला कुणी कधी काही सांगितलेलंच नाही. ऐकलंस? ज्याला कळायला हवं होतं तो मैदानावर होता, तुकाबाई फार्महाऊसवर होती, आणि तू खिडक्या लावून शिकवत होतीस. तास पुन्हा सुरू झाला तर मुलांना आत घे आणि आयांना बोलाव.

तो गेल्यावर बघते तर निरंजन दारात. सगळं ऐकलं होतं. मिक्सरपर्यंत हात गेला माझा, पण लावला नाही.

बिरदेव घरी नकार कळवतो म्हणाला आहे. पुढे काय होतं ते कळव, आणि जिवाला फार लावून घेऊ नकोस, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. जीव जडलेला आहे, तो तसाच राहू दे.

तुझी,
ताई


कोळवण,
२ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बिरदेवनं नकार दिला. देव त्याचं भलं करो. पण आगीतून फुफाट्यात पडलो आपण.

मामा संतापून तुकाबाईच्या दारात भांडून गेला. बहीण-भावाचं येणंजाणं तुटलं. आता वाड्यावर कुजबुज आहे की मामाचा पोरगाच नको म्हणाला म्हणजे पोरीतच काही खोट असणार. तोंडं बंद करायची म्हणून घाटाखालचं एक स्थळ बघतायत, आणि आता दिवाळीही नको, येसाजी निघायच्या आत उरकायचं म्हणतात. माणूस कसा, किती वर्षांचा, सोनमलाही माहीत नाही. मी जे जे चांगलं करायला जाते ते त्या पोरीच्या अंगावर कोसळतं.

मी पुन्हा वर जाणार आहे. नंबर पदराला बांधलेला आहेच. या वेळी मात्र आधी समीक्षाला विचारीन, मग तोंड उघडीन. भीती वाटते, ताई. कायद्यानं लग्न थांबेल, पण मग ती पोरगी त्याच घरात राहणार, त्याच वाड्यावर, आणि तिच्याशी कोण बोलणार?

गणपतीत तुला यायचं जमलं नाही, प्रसाद निलेशबरोबर पाठवते. आठवण काढावी, दोष काढू नयेत.

तुझी,
रोहिणी


माण,
२९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रोहिणीस,
आशीर्वाद.

महिना होत आला, तुझं पत्र नाही. फोनवर तू नुसती 'बरी आहे' म्हणतेस आणि मागून सासऱ्यांचा खोकला ऐकू येतो. ह्यांना सांगून ठेवलंय की दसऱ्यापर्यंत कळलं नाही तर मला गाडीनं कोळवणात आणून सोडा. निरंजन रोज विचारतो की त्या मुलीचं काय झालं. मला काय सांगावं ते कळत नाही. दोन ओळी तरी लिही, लोभाचं नंतर बघू.

ताई


कोळवण,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. शारदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन ओळींत मावणारं नव्हतं म्हणून लिहिलं नाही. आता सगळं लिहिते.

मी वर गेले तेव्हा समीक्षा ओढ्यावर होती. तिला विचारलं की वाड्यावरच्या आयाबायांशी मी बोलू का, आणि तुझं नाव घेऊ का. ती धुणं आपटत राहिली. मग म्हणाली की माजं नगा सांगू, तुमचं सांगा. झालं, भर दुपारी आठ-दहा बायकांच्या घोळक्यात मी माझं सांगितलं. पहिल्या वेळी मला वाटलं होतं की मी मरणार, आणि मी पेटीत मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं, ते तुला तरी आठवतं का? बायका लुगड्यांचे पदर तोंडाला लावून हसल्या. मग मी कोळशानं अंगणातल्या फरशीवर तीच आकृती काढली. तू बिरदेवला सांगितलंस ते सगळं सांगितलं. कृष्णाबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिनं मोजून दाखवलं की तिच्या माहितीतल्या किती लेकी पहिलटकरीण असताना गेल्या. ती बोलायला लागल्यावर कोणी हसलं नाही. समीक्षा कुडाआड होती, मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

 बाकीच्या उठल्यावर तुकाबाई मला म्हणाली की बाई, तुमी सांगितलं त्ये पटलं, पर माज्या सवालाचं काय? पोरगी कुटं ठेवू? मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या, आणि तोवर सोयरीक पुढे नेऊ नका. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पौडच्या वसतिगृहात जागा भरलेल्या होत्या. मी रोज जीव मुठीत धरून शाळेत जायची आणि सोनमचा चेहरा वाचायची.

दसरा झाला, येसाजीची मेंढरं निघाली, आणि दुसऱ्या दिवशी तुकाबाई आमच्या दारात. बरोबर समीक्षा, तिचं दप्तर, एक गाठोडं. मला पाटावर बस म्हणाली. मी बसले. तिनं माझा पदर पसरला, आणि त्यात नारळ घातला. ताई, तोच नारळ. त्यातलं पाणी पार आटून खोबऱ्याचा गोटा झाला होता, आत वाजत होता. म्हणाली की लगीन मोडलं, नारळ फोडला न्हाई. गावाला तुमी सांगितलंसा, आता राखाबी तुमीच. पोरगी तुमच्या वटीत घातलीया. तेवढं बोलून तिनं डोळे पुसले आणि कामाला उशीर होतो म्हणून निघून गेली. मी पदर धरून तशीच बसले होते. निलेश मागे उभा. मला वाटलं आता हा काय म्हणतो. त्यानं गाठोडं उचललं आणि विचारलं की हे माळ्यावर ठेवू की कोनाड्यात.

तर आता समीक्षा आमच्याकडे आहे, शनिवारी दुपारी निलेशबरोबर वर जाते, आईजवळ राहून सोमवारी येते. तास पुन्हा सुरू झालाय. बिरदेव सुट्टी काढून आला होता, दयानंद सरांसमोर उभा राहून आपल्या बहिणीचं सांगितलं, आणि माजी विद्यार्थी म्हणून मागणी केली की मुलांनाही शिकवा. सरांनी चष्मा पुसत पुसत हो म्हटलं. आता मुलगे आत बसतात, दोन शुक्रवारी आया मागच्या बाकांवर बसल्या, आणि खेळाचे सर अर्धा तास शिकवतात, तेही घाम गाळत. मी तास सुरू करताना आधी विचारते की कुणाला आज हे नको असेल तर सांगा.

काळजी संपली असं समजू नकोस. वैशाखात पुन्हा स्थळं निघतील. तुकाबाईचा भाऊ भाऊबीजेला येणार नाही, आणि ते तिच्या काळजाला लागलंय. सोमवारी समीक्षाला यायला जरा उशीर झाला, तर मी वाटेवर जाऊन उभी होते.

आणि गेल्या गुरुवारचं ऐक. समीक्षाची पाळी आली. आमच्या घरात अजून चार दिवस बाजूला बसतात, तुला माहीत आहे. मी विचार करत बसले की सासरेबुवांना काय सांगावं, सांगावं की लपवावं. मग भानावर आले आणि तिलाच विचारलं. ती म्हणाली की मीच सांगते. आणि गेली की सरळ ओसरीवर! मी दाराआड, कान देऊन. तिनं त्यांना सांगितलं की बाबा, माजी पाळी आलीया, पोटात दुखतंया, आज पाणी भरनार न्हाई, पर बाजूला बी बसनार न्हाई, मला गणिताचा पेपर हाय. सासरेबुवांचा अडकित्ता थांबला.  मग त्यांनी सुपारी डब्यात टाकली, घोंगडीवर थोडे सरकले, आणि आतल्या दिशेनं ओरडले की पोरीला कुणी आल्याचा चहा द्याल की न्हाई. ती तिथंच त्यांच्या शेजारी बसून गणितं सोडवत होती, आणि मी चहा टाकायचं विसरून दाराआड रडत होते.

तेव्हा ताई, आता पाकिटं पुरे. रविवारी फोन कर, मी ओसरीवर बसून बोलेन, सासरेबुवा असले तरी. निरंजनला सांग समीक्षा ठीक आहे, आणि त्यानं तुला विचारलेला तो प्रश्न आता मला फोनवर सांग. लोभ तर आहेच, तुझ्याकडे मागायचं एकच, की बोलताना मिक्सर लावू नकोस.

तुझी,
रोहिणी